सोबतीला कोण आहे?

"उघडा डोळे. शाबास. नाव काय तुमचं?"

धाकट्याने नाव सांगितलं. जीभ टाळूला चिकटली होती, त्यामुळे निम्मं नाव तोंडातच राहिलं.

"पाणी," तो म्हणाला.

"आत्ता नाही हं. आधी नीट जागे व्हा. ओठ ओले करते तेवढे." नर्सने ओला कापूस त्याच्या ओठांवरून फिरवला. "मघापासून पाणी आणि भिंगरी, पाणी आणि भिंगरी, एवढंच चाललंय तुमचं. भिंगरी कोण? मुलगी का?"

धाकट्याची गुंगी खाडकन उतरली. पोटावर चार ठिकाणी चिकटपट्ट्या ओढल्यासारख्या होत होत्या आणि घसा खरवडल्यासारखा झाला होता, पण ते सगळं मागे पडलं. त्याने मान वळवली. पलंगाच्या पायथ्याशी वहिनी उभी होती. त्याचे कपडे, चप्पल आणि घड्याळ घातलेली पिशवी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. ती त्याच्याकडे बघत होती, पण ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी नाही.

"लाजू नका हो," नर्स म्हणाली. "भूल उतरताना माणसं काय वाट्टेल ते बोलतात. काल एक आजोबा एकोणतीसचा पाढा म्हणत होते. न चुकता!"

वहिनी हसली नाही. एरवी असल्या गोष्टीवर ती पोट धरून हसली असती.

धाकटा लिफ्टदुरुस्तीवाला होता. त्याचा मोठा भाऊही त्याच कंपनीत, त्याच कामावर होता, म्हणून कंपनीत एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा म्हणायचे. थोरला जाऊन बरीच वर्षं झाली. धाकट्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले, हाताखाली माणसं आली, तरी तो धाकटाच राहिला. लग्न केलं नाही. थोरल्याच्या मागे वहिनी आणि तो त्याच घरात राहिले. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या तक्रारींचे फोन घ्यायची. सकाळी दोघं आपापल्या कामाला निघत, संध्याकाळी एका टेबलावर जेवत. पहिल्या वर्षी लोकांनी कुजबुज केली, मग त्यांनाही कंटाळा आला. "वहिनी" आणि "भाऊजी", "तुम्ही" आणि "तुम्ही". या शब्दांच्या पलीकडे दोघं कधी गेली नव्हती.

सकाळी दवाखान्यात पहिला प्रश्न तोच आला होता. "सोबतीला कोण आहे? आजच्या आज घरी सोडणार, पण चोवीस तास जवळ कुणीतरी पाहिजे. नसेल तर सोडता येणार नाही."

"मी आहे," वहिनी म्हणाली होती. धाकट्याला ते ऐकून पित्ताशयातल्या खड्यांचेसुद्धा उपकार वाटले होते.

आता निघताना नर्सने सगळं पुन्हा समजावलं. पाणी घोट घोट. जेवण हलकं, तेल-तूप नको. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची. थोडं थोडं चालायचं. न्हाणीघरात एकट्याने जायचं, पण आतून कडी लावायची नाही. ताप आला, उलटी थांबली नाही, पट्टीतून रक्त आलं, तर लगेच फोन. यंत्रांना हात लावायचा नाही. "आणि उद्यापर्यंत कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. भुलीचा अंमल राहतो. घर विकू नका, लग्न जमवू नका!"

वहिनीने कचेरीत तक्रार लिहून घेताना करायची तसं सगळं एकेक करून परत म्हणून दाखवलं. आवाज सरळ होता. फक्त शेवटी तिने विचारलं, "भुलीत जे बोलतात, ते खरं असतं का हो?"

"कुठलं खरं," नर्स म्हणाली. "आठवणींची भेळ असते. काहीही वर येतं."

"हो का," वहिनी म्हणाली.

लिफ्टदुरुस्तीवाला ज्या इमारतीत राहत होता, तिला लिफ्ट नव्हती. या गोष्टीवर कंपनीत इतके विनोद झाले होते की आता ते कुणी करत नव्हतं. धाकटा कठडा धरून चढत होता आणि वहिनी एक पायरी मागे होती. तो पडलाच तर ती त्याला सावरू शकली नसती, दोघंही गडगडत खाली गेली असती. तरी ती मागेच राहिली. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

"बसा पायरीवर. घाई कुणाला आहे?"

तो बसला. ती शेजारी बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. जिन्याच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा तिच्या पायांवर पडला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "ते नाव तुम्हाला कुठून कळलं?"

"कुठलं नाव?"

"काही नाही. उठा. हळू."

घरी आल्यावर कपड्यांची अडचण निघाली. धाकट्याच्या सगळ्या विजारी कमरेला घट्ट. पट्टा नेमका बेंबीजवळच्या पट्टीवर बसायचा. नर्सने ढगळ कपडे घालायला सांगितलं होतं, आणि ते आधीच बघून ठेवायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. वहिनी तिच्या खोलीत गेली. कपाटाचं दार कुरकुरलं. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक घडी घातलेला ढगळ सदरा आणि नाडीचा पायजमा होता. डांबराच्या गोळ्यांचा वास तिच्या आधी खोलीत शिरला.

"ह्यांचे आहेत," ती म्हणाली. "सैल आहेत. तुम्हाला दुखणार नाही."

"वहिनी, असू दे. मी टॉवेल गुंडाळतो."

"घाला," ती म्हणाली.

त्याने घातले. थोरला त्याच्यापेक्षा अंगाने भरलेला होता. बाह्या मनगटाच्या खाली आल्या. डाव्या कोपरावर, थोरला नेहमी टेबलाला टेकायचा तिथे, कापड विरलेलं होतं. तो भिंतीला धरून बाहेर आला. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी तांब्या घेऊन उभी होती. तिने तांब्या खाली ठेवला, सावकाश, जणू तो हातातून निसटणार आहे हे तिला आधीच कळलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. तसेच दिसता."

संध्याकाळी त्याला न्हाणीघरात जावं लागलं. उठताना तोल गेला तेव्हा तिने काखेत हात घालून त्याला धरलं. इतक्या वर्षांत तिचा हात पहिल्यांदाच लागत होता. कडी लावायची नव्हती, म्हणून ती दाराकडे पाठ करून बाहेर उभी राहिली आणि त्याला संकोच वाटू नये म्हणून मोठमोठ्याने कचेरीतल्या गोष्टी सांगायला लागली. "परवा एक बाई फोनवर म्हणते, नळाला पाणी येत नाही. म्हटलं, बाई, नळ उघडलाय का? तर म्हणते, उघडायचा कशाला, पाणी वाया नाही का जाणार!" आतून धाकट्याला हसू आलं आणि हसल्यावर पोटात अशी कळ आली की तो "आई गं" म्हणाला. बाहेरचं बोलणं एकदम थांबलं.

"काय म्हणालात?"

"हसलो, म्हणून दुखलं."

दाराच्या फटीतून तिची सावली तशीच दिसत राहिली.

खांदा त्याच वेळी दुखायला लागला. उजवा. पोटाला भोकं पाडली आणि दुखतंय खांद्यात, याचा धाकट्याला काही पत्ता लागेना. दुखणं तरी कसं, ठणकत नव्हतं, जळत नव्हतं. कुणीतरी मागे उभं राहून वजनदार हात ठेवावा आणि तो काढायचा विसरावा, तसं.

त्याने ते तसंच सांगितलं. सांगून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की सांगायला नको होतं.

वहिनी पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसली होती. तिची नजर त्याच्या खांद्यावर गेली, आणि खांद्याच्या मागे, भिंतीवर.

"उजव्याच?" तिने विचारलं.

"हं."

"ह्यांची सवय होती. तुम्ही काही खोलून बसलात की मागे येऊन उभे राहायचे. उजव्या खांद्यावर हात."

"अवघडला असेल," धाकटा म्हणाला. "टेबलावर कसंही झोपवतात."

रात्र कशीबशी गेली. जाग आली की खुर्चीत ती बसलेलीच असायची, डोळे उघडे. सुरुवातीला त्याला बरं वाटलं. आपल्या आजारपणात कुणी उशाशी बसावं असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. आईसुद्धा इतकी बसली नव्हती, तिला दोन मुलं होती आणि कामं चार घरची. पण ती त्याच्या कपाळाकडे बघत नव्हती. पट्ट्यांकडेही नाही. ती बघत होती त्याच्या ओठांकडे. झोपेत ते हलले की ती पुढे झुकायची. मग त्याला कळलं. ती त्याच्यासाठी बसलीच नव्हती. त्याच्यातून आणखी काही बाहेर येतंय का, त्याची वाट बघत होती.

सकाळी दवाखान्यातून फोन आला. कालचीच नर्स. ताप आहे का, लघवी झाली का, खाल्लं का, सगळं विचारलं. वहिनीने उत्तरं दिली आणि मग विचारलं, "त्यांचा उजवा खांदा दुखतोय. कुणी हात ठेवल्यासारखा."

नर्सचा आवाज पलंगापर्यंत येत होता. "अगदी बरोबर! सगळ्यांचा दुखतो. दुर्बिणीने ऑपरेशन करताना पोटात गॅस भरतात ना, त्यातला थोडा आत राहतो. आतल्या पडद्याला लागतो आणि दुखतं वर खांद्यात. घाबरू नका. घरात फेऱ्या मारायला सांगा. दोन-तीन दिवसांत निघून जाईल."

"निघून जाईल," वहिनी म्हणाली.

"हो हो, अगदी."

तिने फोन ठेवला. "गॅस आहे म्हणे."

"बघा. मी म्हटलं नव्हतं?" धाकटा म्हणाला. पण त्याने काही वेगळंच म्हटलं होतं, आणि तिने ते ऐकलंही नाही.

त्यानंतर पान्या आला. कंपनीतला जुना सोबती. कायम खिशात पाना असायचा, म्हणून पान्या. जिना चढून धापा टाकत त्याने दारातूनच आवाज दिला. "काय रे, पित्ताशयच काढून टाकलंस म्हणे! आता तुझं पित्त खवळणार कुठे? साहेब खूश आहेत, म्हणतात सगळ्यांचीच काढून घ्या!" आणि आत येऊन पलंगाकडे बघितलं तसा तो थांबला. सदऱ्याकडे बघत राहिला. थोरल्याच्या हाताखाली तो काम शिकला होता.

"अरे," तो हळूच म्हणाला, "हे तर..."

"सैल आहे म्हणून घातला," धाकटा म्हणाला.

पान्या खुर्चीच्या टोकावर बसला, सरबत एका घोटात संपवलं आणि लवकर निघाला. जाताना दारात वहिनीला म्हणाला, "काळजी घ्या." कुणाची, ते त्याने सांगितलं नाही.

दुपारी वहिनी भांडी घासत असताना धाकटा छताकडे बघत पडून राहिला. बाजूला ठेवलेलं सगळं आता समोर येऊन बसलं होतं. त्याने त्याला वाट दिली.

एका जुन्या कचेरीच्या इमारतीत लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. धाकटा सगळ्यात वर, मोटारीच्या खोलीत होता. थोरला तिसऱ्या मजल्याचं दार उघडून खालून वर बघत होता. उंबऱ्यावर ग्रीस सांडलं होतं. पाय गेला. वर धाकट्याला फक्त एक आवाज ऐकू आला, पोतं पडल्यासारखा, आणि मग कुणीतरी ओरडलं. सगळे जिने तो कसा उतरला ते त्याला कधीच आठवलं नाही. खाली लिफ्टच्या खड्ड्यात तो लोखंडी शिडीने उतरला. थोरला जिवंत होता. कमरेखाली सगळं चुकीच्या दिशेला वळलेलं होतं. पाणी मागत होता. वरून पहारेकरी फोन कानाला लावून ओरडत होता, हलवू नका, पाणी देऊ नका म्हणतात. थोरला "आई गं" म्हणत होता, आणि "पाणी", आणि मधेच एक असं नाव, जे धाकट्याने कधी ऐकलं नव्हतं. भिंगरे. ए भिंगरे. कुणाला बोलावतोय ते त्याला आधी कळलंच नाही. मग लग्न होऊन नवी आलेली वहिनी आठवली, घरभर पायांना चाकं लावल्यासारखी फिरणारी. ते त्या दोघांचं, दार लावल्यानंतरचं नाव होतं.

गाडी यायला वेळ लागला. धाकट्याने त्याचा हात हातात घेतला. थोरल्याने डोळे उघडले, पण डोळ्यांना काही दिसत नव्हतं. तो म्हणाला, "भिंगरे, आलीस?"

आणि धाकटा म्हणाला, "हो. आले."

आयुष्यात एकदाच तो स्वतःविषयी असं बाईसारखं बोलला होता. थोरल्याच्या हाताची पकड सैल झाली. कण्हणं थांबलं. गाडी आली तेव्हा घाईचं कारण उरलं नव्हतं.

घरी आल्यावर दारातच वहिनीने विचारलं होतं, "फार त्रास झाला का हो?" तो म्हणाला, "नाही. जागच्या जागी." तिला तेवढंच सहन होईल असं त्याला वाटलं. आणि एकदा जागच्या जागी म्हटल्यावर हाक कुठे बसवणार? जागच्या जागी गेलेला माणूस हाक मारत नाही. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि ती हाक त्याच्याकडेच राहिली. कुणीतरी आपल्याकडे ठेवायला दिलेलं भांडं, मालकाला परत करायचं राहून जावं आणि मग रोज त्यालाच वळसा घालून चालावं, तशी.

ऊन उतरलं. वहिनीने गोळी दिली, मऊ भात दिला, त्याला घरात चार फेऱ्या मारायला लावल्या. तो परत आडवा झाला आणि डोळे मिटले. गोळीने जरा गुंगी आली, पण झोप लागली नाही. अंग जड, कान मात्र स्वच्छ. खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग खुर्ची फरशीवर सरकली.

"भाऊजी?"

तो बोलला नाही. बोलायला अंगात ताकद नव्हती, एवढंच.

"भाऊजी, झोपलात?"

आता बोलायचं म्हणजे पुन्हा ते डोळे बघायचे, वाट बघणारे. त्याने डोळे मिटलेलेच ठेवले. खोलीत डांबरगोळ्यांचा वास होता. खांद्यावरचा हात होता तिथेच होता. बराच वेळ गेला. तो खरोखर झोपेच्या कडेला आला होता, आणि त्या वेळी ती म्हणाली,

"अहो."

आवाज वहिनीचा नव्हता. म्हणजे तिचाच, पण या घरात इतक्या वर्षांत न ऐकलेला. भिंतीच्या पलीकडून पूर्वी कधीतरी ऐकू यायचा तो. त्या अहोमध्ये भाऊजी कुठेच नव्हता.

"अहो, ऐकताय ना?"

धाकट्याला वाटलं, खोकावं, कूस बदलावी, वहिनी, मी आहे, असं म्हणावं. ते सोपं होतं आणि बरोबरही होतं. ती उठली असती, दिवा लावला असता, चहा ठेवला असता. आणि उद्यापासून पुन्हा दोघंही वळसा घालून चालायला मोकळी.

"हं," तो म्हणाला.

खुर्ची किंचित वाजली. तिचा श्वास जवळ आला.

"मला हाक मारली होतीत?"

"मारली."

"मी नव्हते तिथे."

मिटलेल्या डोळ्यांमागे खड्डा होता, काळं तेल होतं, वरून येणारा चौकोनी उजेड होता.

"फार दुखत होतं का?" तिने विचारलं. आवाज आता अगदी लहान झाला होता. "खरं सांगा. मी ऐकू शकते."

"तू आलीस ना," धाकटा म्हणाला. "मग नाही दुखलं."

तू. शब्द तोंडातून गेला आणि त्याला वाटलं, आता छत खाली येईल. काही झालं नाही. बाहेर रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होता होता बंद पडली. वहिनी रडली नाही. थोड्या वेळाने तिने चादर त्याच्या पायांवर नीट केली, आधी डाव्या, मग उजव्या, आणि आत गेली. स्वयंपाकघरात नळ बराच वेळ वाहत राहिला. तो थांबेपर्यंत धाकट्याने डोळे उघडले नाहीत.

त्या रात्री ती आपल्या खोलीत झोपली. चोवीस तास होऊन गेले होते.

मग एके सकाळी दाढी करताना धाकट्याच्या लक्षात आलं की खांदा दुखत नाहीये. त्याने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. हात वर केला. काहीच नाही. वस्तरा हातात धरून तो आरशासमोर तसाच उभा राहिला.

"खांद्यातला गॅस गेला का?" बाहेरून वहिनीने विचारलं.

"गेला."

"बरं झालं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बरं झालं."

तिने तो सदरा आणि पायजमा धुतला, वाळवला आणि परत कपाटात ठेवला नाही. थोरल्याचे बाकीचे कपडेही तिने बाहेर काढले. चांगले होते ते बांधून पान्याकडे दिले, त्याच्या अंगाला बसतील म्हणून. ती भराभर कामं करत होती. या खोलीतून त्या खोलीत, गच्चीवर, परत खाली. तिच्या चालण्यात काहीतरी बदललं होतं. धाकट्याला ते ओळखीचं वाटलं आणि आनंद झाला. त्याने मनात काही बेतही केले. टेबल खिडकीशी हलवावं. सुट्टीच्या दिवशी दोघांनी कुठेतरी बाहेर जेवावं. मोठे निर्णय घ्यायला आता कुणाची ना नव्हती.

टाके बघायला दवाखान्यात जाऊन आल्यावर, संध्याकाळी जेवताना तिने सांगितलं. तिची धाकटी बहीण दुसऱ्या गावी एकटी राहत होती. तिचं खानावळीचं काम होतं आणि ती कधीपासून बोलावत होती. कचेरीशी बोलणं झालं होतं.

"किती दिवस?" धाकट्याने विचारलं.

"तसं काही ठरवलं नाही." तिने ताटातला घास नुसता फिरवला. "राहायलाच जातेय, भाऊजी."

त्याने मान हलवली.

"माझं काही चुकलं का?"

"तुमचं?" ती पहिल्यांदा हसली. "तुमचं कधी चुकलंय? तुम्ही जागे होतात त्या दिवशी. मला माहीत होतं."

धाकट्याच्या कानांपर्यंत रक्त चढलं. टेबलावरून उठावं असं त्याला झालं.

"माहीत होतं, तरी विचारलं," ती म्हणाली. "डोळे उघडे ठेवून तुम्हाला सांगता आलं नसतं. आणि मला ऐकता आलं नसतं. इतकी वर्षं मला वाटायचं, मी ह्या घरात का राहतेय? माणूस नाही, मूलबाळ नाही. नोकरी काय, कुठेही मिळते. आता कळलं. तुमच्याकडे माझं काहीतरी राहिलं होतं. ते मिळालं."

त्याला एक गोष्ट विचारायची होती, राहाल का, एवढीच. आणि एक सांगायची होती, त्या दोन शब्दांची, खड्ड्यात म्हटलेल्या. त्याने दोन्ही गिळल्या. तेवढं त्याचं स्वतःचं राहू दिलं.

"भात घेऊ का अजून?" त्याने विचारलं.

"घ्या की. तूप घालू नका फक्त."

निघायच्या दिवशी दोन बॅगा झाल्या. एक कपड्यांची, एक भांड्यांची. धाकट्याने भांड्यांच्या बॅगेला हात घातला तसा तिने तो बाजूला केला. डॉक्टरांनी अजून वजन उचलायला बंदी केली होती.

"पान्याला बोलवतो."

"कशाला? मी काय म्हातारी झालेय?"

दोन्ही हातांत दोन बॅगा घेऊन ती जिना उतरायला लागली. धाकटा मागून. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची ओझी वर-खाली नेणारी यंत्रं चालू ठेवली होती, आणि आता तो मोकळ्या हातांनी एका बाईच्या मागे उतरत होता. त्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. कधी कठडा धरला, कधी मागे बांधले. प्रत्येक मजल्यावर ती थांबून हात बदलत होती. ती थांबली की तोही दोन पायऱ्या वर थांबायचा. शेजारचे दरवाजे बंद होते. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

खाली टॅक्सी उभी होती. चालकाने बॅगा मागे टाकल्या. वहिनी आत बसली, दार लावलं, काच खाली केली.

"उशी दाबून खोका," ती म्हणाली. "आणि गोळ्या संपल्या तरी फेऱ्या मारत जा."

"मारतो."

"येते मी, भाऊजी."

"या," धाकटा म्हणाला.

टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली तरी तो फाटकाशी उभा राहिला. मग परत फिरला. पहिल्या मजल्यापर्यंत चढला आणि दम लागला नव्हता तरी पायरीवर बसला, भिंतीकडची अर्धी पायरी मोकळी सोडून.